नळदुर्गची पायरी: एका दरीचा इतिहास आणि माझी एक चूक

पीएचडीच्या पहिल्या वर्षात मी एक चूक केली. आकड्यांची नाही, सॉफ्टवेअरचीही नाही. एक जागा न बघता तिच्याबद्दल लिहिण्याची. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेटच्या तयारीत असतील, काही जण सिनॉप्सिस लिहायला बसले असतील. म्हणून ती चूक आधी सांगते आणि मग त्या जागेचा इतिहास सांगते. तो इतिहास आधी वाचला असता तर चूक झालीच नसती.

माझा विषय नदीच्या पात्राचा. भूशास्त्रात एमएस्सी झाल्यावर काम करायला नदी हवी होती, आणि जवळची म्हणून मी बोरी घेतली. बोरी धाराशिव जिल्ह्यातून येते, नळदुर्गच्या किल्ल्याला बिलगून जाते, मग अक्कलकोट तालुक्यात उतरते आणि पुढे भीमेला मिळते. आमचं कुंभारी सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर. रेनगरच्या घरांमुळे हे नाव २०२४ मध्ये टीव्हीवर आलं, तेवढीच त्याची बाहेरच्यांना ओळख. गावाच्या चहूबाजूंना सपाटी. काळं रान, ज्वारी, तूर, मध्येच मुरमाचा उघडा माळ. इथे वाढलेल्या माणसाला दरी म्हटलं की महाबळेश्वर आठवतं. तासाभराच्या अंतरावर एक आहे हे मला माहीत होतं, पण 'माहीत असणं' या शब्दात किती फसवणूक असते ते पुढे कळलं.

नदीचा अभ्यास सुरू करताना पहिलं काम म्हणजे तिचा लांबीचा आलेख काढणं, ज्याला आम्ही लाँग प्रोफाइल म्हणतो. आडव्या अक्षावर उगमापासूनचं अंतर, उभ्या अक्षावर तळाची उंची. नदी मुरलेली असेल तर हा आलेख वर तीव्र आणि खाली मंद होत जाणारी गुळगुळीत वक्ररेषा दाखवतो. मध्येच एखादी पायरी दिसली तर तिथे काहीतरी घडलेलं असतं: कठीण खडक लागलेला असतो, जमीन उचललेली असते, किंवा खालून सुरू झालेली झीज मागे सरकत सरकत तिथवर पोचलेली असते. अशा पायरीला निकपॉइंट म्हणतात, आणि आमच्या धंद्यात निकपॉइंट सापडणं म्हणजे लॉटरी.

मला लॉटरी लागली. उंचीची माहिती मी उपग्रहांच्या फुकट मिळणाऱ्या संचातून घेतली होती. हा संच फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अंतराळयानानं अकरा दिवसांत रडारनं मोजलेल्या उंचीवरून बनला आहे. जमिनीचा साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचा एकेक चौकोन आणि प्रत्येकाची एक उंची. त्यात नळदुर्गपाशी ठळक पायरी दिसली. मी सिनॉप्सिसमध्ये लिहिलं की इथे बेसॉल्टच्या दोन प्रवाहांची सीमा असावी आणि त्यामुळे हा नैसर्गिक धबधबा तयार झाला असावा. 'असावा' लिहिलं म्हणजे आपण सुरक्षित, असं तेव्हा वाटायचं.

समितीपुढे सादरीकरण झालं. समितीत इतिहासाचे एक वयस्कर प्राध्यापक बसले होते. त्यांनी स्लाइडवरच्या पायरीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बाळा, ही पायरी १६१३ ची असेल."

खोली हसली. मीही हसले, कारण दुसरं काही सुचलं नाही.

झालं होतं ते असं. नळदुर्गला किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांच्या मध्ये बोरीच्या पात्रात दगडी बांध आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. त्याच्या मागे पाणी साठतं आणि पुढच्या बाजूला सुमारे नव्वद फूट खाली कोसळतं. रडारला धरण आणि कडा यांतला फरक कळत नाही. पण मला कळायला हवा होता. पायरीच्या मागे आलेखाची रेषा अगदी आडवी, फूटपट्टीनं आखल्यासारखी होती. नदीचा तळ असा कधीच नसतो, पाण्याचा पृष्ठभाग मात्र असतो. ही खूण माझ्या डोळ्यांसमोर तीन महिने होती.

मग ती दिसली का नाही? याचं उत्तर शोधताना मी खडकांकडून इतिहासाकडे वळले.

पहिलं कारण शब्दातच होतं. आपल्या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सह्याद्रीकडे बघितलं की तो का दिला ते कळतं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हाचे थरावर थर पसरले, आजही पाचेक लाख चौरस किलोमीटर भाग त्यांनी व्यापलेला आहे, आणि झिजताना कठीण थर कडे होऊन राहतात, मऊ थर उतार होतात. विल्यम साइक्स मुंबई सरकारसाठी १८२४ पासून दख्खनभर आकडेवारी गोळा करत फिरत होता. त्यानंही लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीसाठी या पायऱ्यापायऱ्यांच्या प्रदेशाबद्दल लिहिलं. तेव्हापासून आमच्या पुस्तकांत दख्खन म्हणजे जिना. मला पायरी दिसली आणि मी ती ताबडतोब ओळखली, कारण तिचं नाव मला आधीच पाठ होतं.

दुसरं कारण साधं होतं. मी तिथे चालले नव्हते. लहानपणी शाळेच्या सहलीत गेले होते, पाणी बघितलं, डबा खाल्ला, परत आले. एवढंच.

समितीनंतरच्या आठवड्यात मी एसटीनं नळदुर्गला गेले. तुम्ही कधी गेलात तर एका गोष्टीकडे लक्ष द्या: सोलापूरपासून हैदराबाद रस्त्यानं पंचेचाळीसेक किलोमीटर जाईपर्यंत दरीचा मागमूस लागत नाही. डोंगरात दरी असते तेव्हा ती आधी दिसते. पठारावरची दरी मात्र पायाखाली येईपर्यंत लपून राहते. किल्लाही तसाच, चढून जावं लागत नाही. गाव, खंदक, दरवाजा, आत सपाट मैदान. आणि मग चालत चालत तटापाशी गेलात की जमीन संपते आणि खाली नदी.

हा अनुभव जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माणसानं नीट लिहून ठेवला आहे: फिलिप मेडोज टेलर. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या १८३९ च्या कादंबरीमुळे त्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १८०८ साली लिव्हरपूलला जन्म, पंधराव्या वर्षी मुंबईला एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आला, ती फसली, आणि मग निजामाच्या सैन्यात लागला. विद्यापीठ पाहिलं नाही. भाषा, कायदा, जमिनीची मोजणी, भूशास्त्र, पुरातत्त्व हे सगळं नोकरी करता करता शिकला. १८५३ मध्ये निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या ताब्यात दिले, तेव्हा या पश्चिमेकडच्या जिल्ह्यावर डेप्युटी कमिशनर म्हणून टेलर आला. १८५७ मध्ये त्याला वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवण्यात आलं. मधली चार वर्षं नळदुर्ग त्याचं ठाणं होतं.

त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्गचं वर्णन आहे आणि ते मला फार आवडतं, कारण ते पर्यटकाचं नाही. तो आधी किल्ल्याची जागा सांगतो: मुख्य पठारापासून नदीच्या दरीत पुढे घुसलेला बेसॉल्टचा सपाट माथा, आणि त्याच्या बाजूंना ५० ते २०० फूट उंचीचे सरळसोट कडे. मग सांगतो की या कड्यांत ठिकठिकाणी खडकाचे उभे स्तंभ स्पष्ट दिसतात. त्यानंतर तटबंदी, मग बांध, बांधाच्या पोटातल्या खोल्या. हा क्रम बघा. आधी भूरूप, मग खडकाची रचना, मग माणसानं त्यावर केलेलं काम. आज फील्ड नोटबुक कसं लिहावं हे शिकवताना आम्ही हाच क्रम सांगतो.

स्तंभ दिसले हे तो आवर्जून का लिहितो? इथे थोडं लांब जाऊन येऊ.

अठराव्या शतकात बेसॉल्ट कशापासून झाला यावर युरोपात मोठं भांडण होतं. एका पक्षाचं म्हणणं, हा खडक प्राचीन समुद्राच्या पाण्यातून साका बसावा तसा बसला. दुसऱ्याचं म्हणणं, ज्वालामुखीतून आला. आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे षटकोनी स्तंभ तेव्हा प्रसिद्ध होते. सुझाना ड्रुरी या चित्रकर्तीनं १७४० च्या आसपास त्यांची चित्रं केली होती आणि त्यांच्या छापील प्रती युरोपभर फिरत होत्या. त्या स्तंभांचा आकार इतका नियमित, की ते स्फटिक असावेत, म्हणजे पाण्यातून बनलेले, हे म्हणणं लोकांना पटायचं. १७६३ मध्ये निकोला देमारे नावाचा फ्रेंच सरकारी अधिकारी ओव्हेर्न्य भागात फिरत होता. त्याचं खरं काम कारखान्यांच्या पाहणीचं. वाटेत त्याला तसेच स्तंभ दिसले. त्यानं काय केलं? स्तंभ असलेल्या त्या थराच्या कडेकडेनं तो चालत राहिला, दरी लागली तर दरीच्या पलीकडे तोच थर शोधला, आणि चालत चालत एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचला. प्रयोगशाळा लागली नाही. थर सोडला नाही, एवढंच केलं. फ्रेंच ज्ञानकोशात १७६८ मध्ये आयर्लंडच्या स्तंभांची चित्रं छापली गेली, तेव्हा त्यांच्यासोबत देमारेचं स्पष्टीकरण होतं: हे ज्वालामुखीचं काम आहे.

स्तंभ का होतात हे आता नीट कळलेलं आहे. लाव्हाचा जाड थर वरून आणि खालून थंड होत जातो, आकसतो, आणि तळ्यातला गाळ सुकताना भेगाळतो तशा भेगा पडतात. फरक असा की गाळाच्या भेगा उथळ असतात, इथे थंडावा जसजसा आत शिरतो तशा भेगाही आत शिरत जातात. म्हणून स्तंभ नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात उभे राहतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल हे याचं मुंबईतलं उदाहरण. नळदुर्गच्या कड्यांकडे बघत टेलरनं 'स्तंभ' असं लिहिलं तेव्हा त्या एका शब्दामागे शंभर वर्षांचा वाद होता. त्याला तो माहीत असावा, कारण त्या काळात हौसेनं भूशास्त्र शिकणाऱ्या कुणालाही तो माहीत असायचा.

पण टेलर वाचताना सावध राहायला हवं. हे आत्मचरित्र त्यानं म्हातारपणी लिहिलं. १८७६ मध्ये तो गेला, पुस्तक १८७७ मध्ये त्याच्या मुलीनं प्रसिद्ध केलं. म्हणजे १८५३ ची दरी आपण वीसेक वर्षांनंतरच्या आठवणीतून बघतो. शिवाय त्यानं चांदबिबीवर 'अ नोबल क्वीन' ही कादंबरी लिहिली आणि तिच्यात हाच नळदुर्ग आहे. कादंबरीतली दृश्यं आणि आत्मचरित्रातली निरीक्षणं एकाच हातची, त्यामुळे पुढच्या लेखकांनी दोन्हींची सरमिसळ केली तर नवल नाही. मी माझ्या वहीत दोन रकाने केले: टेलरनं मोजलं किंवा थेट बघितलं असं वाटतं ते एकीकडे, त्यानं रंगवलं असं वाटतं ते दुसरीकडे. कड्यांची उंची पहिल्या रकान्यात. रात्रीच्या धबधब्याची शोभा दुसऱ्यात. आणि हेही विसरू नका की तो इथे महसूल बसवायला आला होता. दरी सुंदर आहे असं लिहिणारा हात दिवसभर सारा लावत होता.

तरीही माझा त्याच्यावर विश्वास का, ते सांगते. नळदुर्गच्या आधी शोरापूरला असताना त्यानं भीमेच्या काठी जेवरगीजवळची जुनी दगडी थडगी उकरली होती. त्या काळी थडगं उकरायचं म्हणजे भांडीकुंडी काढायची आणि माती फेकायची. टेलरनं मातीच्या थरांचे उभे छेद काढले, कोणती वस्तू कोणत्या थरात सापडली ते दाखवलं. पुढे भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झालेले मॉर्टिमर व्हीलर, जे कुणाचं सहजी कौतुक करणाऱ्यांपैकी नव्हते, त्यांनी टेलरच्या या छेदांची दखल घेऊन ते काळाच्या किती पुढे होते हे लिहिलं. अशा माणसानं कड्यात स्तंभ आहेत म्हटलं तर मी जाऊन बघते. आणि आहेत.

आता बांधाकडे. माझ्या आलेखातली पायरी हीच, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या दरीत मला आता तीच सगळ्यात जास्त आवडते.

नळदुर्गचा किल्ला आदिलशाहीच्या आधीपासूनचा, पण आज दिसणारी दगडी ताकद बरीचशी विजापूरकरांची. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कारकीर्द १५८० ते १६२७, आणि बांधाचा काळ १६१३ चा, तिथल्या फार्सी शिलालेखावरून. कल्पना अशी: दोन कडे जिथे जवळ येतात तिथे नदी अडवायची. एका दगडात तीन कामं. गडावरच्या लोकांना बारा महिने पाणी, शत्रूला मधल्या पाण्याचा अडथळा, आणि रणमंडळाच्या टेकडीवर जायला वाट. वेढ्यात शत्रूनं समोरची टेकडी घेतली तर किल्ला उघडा पडतो, म्हणून ती टेकडी तटात घ्यायची आणि बांधावरून जोडायची, असा हा हिशोब.

एवढ्यावर ते थांबले असते तर तो नुसता बंधारा झाला असता. त्यांनी बांधाच्या पोटात खोल्या ठेवल्या. पावसाळ्यात पाणी माथ्यावरून वाहायला लागलं की ते या खोल्यांच्या खिडक्यांसमोरून पडद्यासारखं पडतं आणि आत उभा राहिलेला माणूस कोरडा असतो. हाच पाणी महाल. ओसंडायला दोन मोठी तोंडं ठेवली आहेत, त्यातून पडणाऱ्या धारा म्हणजे नर आणि मादी. दरवर्षी पाऊस झाला की हजारो लोक 'निसर्गाचा चमत्कार' बघायला येतात ते हे.

स्थापत्याच्या बाजूनं बघा. दगडी बांधाला सगळ्यात मोठा धोका वरून ओसंडणाऱ्या पाण्याचा असतो. पाणी खाली आपटतं, पायथ्याचा खडक खणतं, आणि पाया उघडा पडला की बांध जातो. चारशेहून अधिक पावसाळे हा बांध उभा आहे. याचं श्रेय बांधणाऱ्यांना आहेच, पण ज्यावर तो उभा आहे त्या काळ्या पाषाणालाही आहे. आपल्याकडे विहीर खणणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. मुरूम लागला की हात भराभर चालतो, मांजऱ्या लागला तरी निभतं, काळा पाषाण लागला की सुरुंग. त्या काळच्या पाथरवटांनी जागा निवडताना हेच बघितलं असणार. म्हणजे माझ्या सिनॉप्सिसमधलं 'कठीण खडकामुळे पायरी' हे वाक्य अगदीच खोटं नव्हतं. फक्त खडक आणि पायरी यांच्या मध्ये एक माणूस उभा होता, आणि मी तो गाळला होता.

कथा इथे संपत नाही. किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरीवर विसाव्या शतकात आणखी एक धरण झालं, बोरी धरण. आता किल्ल्यातला धबधबा कधी सुरू होणार हे ढगांइतकंच त्या धरणाच्या सांडव्यावर ठरतं. वर्तमानपत्रांत बातमी येते तीच मुळी अशी, की बोरी धरण भरून वाहू लागलं आणि नर-मादी सुरू झाला. कमी पावसाच्या वर्षी धरण भरत नाही, मग धबधबाही नाही. खाली अक्कलकोट तालुक्यात कुरनूर धरण आहे. म्हणजे भीमेला भेटेपर्यंत या नदीला तीनदा थांबून पुढे जावं लागतं. माझ्या आलेखात आडव्या रेषा जिथे जिथे होत्या त्यांचा हिशोब आता लागला.

मग नळदुर्गच्या दरीत नैसर्गिक काय आणि माणसाचं काय? दरी नदीनं कापली. धबधबा आदिलशाहीनं बांधला. त्याचा नळ पाटबंधारे खात्याच्या हातात आहे. आणि बघायला येणाऱ्याला ही तीन वेगळी दिसत नाहीत, मला नऊ इंची स्क्रीनवरही दिसली नाहीत. निघोजजवळ कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही: भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी फिरून फिरून बेसॉल्टमध्ये रांजण कोरले, माणसानं त्यांना नाव दिलं आणि काठावर मळगंगेचं देऊळ बांधलं. तिथे नदीचं काम नदीचंच राहिलं आहे. नळदुर्गला तसं नाही, आणि म्हणून नळदुर्ग जास्त शिकवतं.

एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवते, कारण मी यात दोन आठवडे घालवले. जुन्या इंग्रजी कागदांत नळदुर्ग शोधताना आजचं स्पेलिंग टाकलंत तर फार थोडं सापडतं. टेलरच्या स्पेलिंगमध्ये पहिल्या अक्षरानंतर यू येतो आणि शेवटी 'द्रूग' साठी दोन ओ. इंपीरिअल गॅझेटिअरमध्ये पहिल्या अक्षरानंतर ए, शेवटी 'द्रुग'. बोरीच्या शेवटी टेलरच्या काळात दोन ई. जेवरगीचंही तसंच, टेलरच्या निबंधात ते 'जिवर्जी' आहे. जिल्ह्याचं नाव आधी नळदुर्ग, मग उस्मानाबाद, आता धाराशिव, त्यामुळे तिन्ही नावांनी शोधावं लागतं. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानानं पुरातत्त्व खातं काढलं आणि गुलाम याजदानी त्याचे संचालक झाले. आपल्या या भागाबद्दलचे त्या खात्याचे वार्षिक अहवाल मुंबई-पुण्याच्या यादीत शोधून मिळत नाहीत, हैदराबादच्या यादीत शोधावे लागतात. हद्दी बदलल्या, कागद जिथे होते तिथेच राहिले. विज्ञान शाखेतून आलेल्यांना हे कुणी सांगत नाही. आमच्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात तर 'अभिलेखागार' हा शब्दही नव्हता.

आता माझ्या कामाचं काय झालं ते. निकपॉइंटचं प्रकरण मी काढून टाकलं. महिनाभर वाईट वाटलं. मग एका दुपारी बांधाच्या खाली, कोरड्या पात्रात उभी असताना डोक्यात आलं की माझ्याकडे निकपॉइंटपेक्षा दुर्मिळ गोष्ट आहे. नैसर्गिक धबधबा कधी सुरू झाला हे जवळजवळ कधीच कळत नाही, त्यामुळे तो खालचा खडक किती वेगानं खोदतो हे सांगणं फार अवघड असतं. या धबधब्याची जन्मतारीख मात्र शिलालेखात आहे. १६१३ च्या आधी इथे पाणी या उंचीवरून या जागी पडत नव्हतं. म्हणजे नर आणि मादीच्या खाली खडकात जी काही झीज झाली असेल ती चारशे-सव्वाचारशे वर्षांतली, त्याहून जुनी नाही. खडक तोच, उंची माहीत, सुरुवात माहीत. कुणीतरी आदिलशाहीच्या काळात प्रयोग मांडून गेलं आहे आणि वाचन घ्यायचं राहून गेलं आहे, अशी ही जागा.

यात अडचणी आहेत. बांध बांधताना पायथ्याचा दगड काढून वापरला असेल तर तो खड्डा पाण्याचा नाही, छिन्नीचा. छिन्नीच्या खुणा आणि पाण्याची झिलई वेगळी ओळखावी लागते. वरच्या धरणामुळे गेल्या काही दशकांत ओसंडण्याचे दिवस बदलले, ते वेगळे धरावे लागतात. आणि पूर्वी कधी दुरुस्ती झाली असेल तर ती कागदांत शोधावी लागते, म्हणजे पुन्हा हैदराबाद. समितीतल्या त्या प्राध्यापकांना मी फोन केला. ते म्हणाले, "आधी शिलालेख स्वतः बघ, दुसऱ्याच्या वाचनावर जाऊ नकोस." मला फार्सी येत नाही. सोलापुरात एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे रविवारी जाते, आता अक्षरं लागायला लागली आहेत.

तुम्हाला जायचं असेल तर दोनदा जा. एकदा सगळे जातात तेव्हा, ऑगस्ट-सप्टेंबरात, बोरी धरण भरल्याची बातमी आली की. पाणी महालात उभं राहा, पण मोबाईल खिशात ठेवून आधी पाणी कुठून सुटतं आणि कुठे आपटतं ते बघा. निसरडं असतं, तटाच्या कडेला जाऊ नका. आणि दुसऱ्यांदा एप्रिलमध्ये, सकाळी सातच्या आत. तेव्हा तिथे कुणी नसतं. ऊन तिरपं असतं म्हणून कड्यातले स्तंभ सावल्यांमुळे उठून दिसतात, दुपारी ते सपाट होऊन जातात. बांधाच्या वरच्या बाजूनं सुरुवात करा, बांधावरून रणमंडळाकडे जा, तिथून किल्ल्याकडे वळून बघा. टेलरनं वर्णन केलेला माथा तिथून पूर्ण दिसतो. मोजपट्टी नेलीत तर एखाद्या पडलेल्या स्तंभाची रुंदी मोजा, बाजू मोजा. सहाच असतील असं धरून चालू नका.

गेल्या एप्रिलमध्ये मी खाली पात्रात बसून तेच करत होते. एक मेंढपाळ काका बराच वेळ बघत थांबले. शेवटी म्हणाले, "काय मोजताय ताई?"

म्हटलं, "काका, पाण्यानं दगड किती खाल्ला ते."

त्यांनी कोरड्या पात्राकडे बघितलं, वर बांधाकडे बघितलं. "मग पाणी असताना यायचं की." आणि मेंढरं हाकत निघाले. चार पावलांवर थांबून त्यांनी काठीनं मादीच्या खालच्या कडेला एक जागा दाखवली, "माझ्या बापाच्या वेळंला तिथं बसायला यायचं. आता न्हाई येत." मी वहीत तारीख घातली, जागेची खूण केली आणि पुढे लिहिलं: बसण्याजोगी कपार, एका पिढीपूर्वी, तोंडी माहिती, तपासायची.